तीन सेंटिमीटरचा गिलावा

३ मार्च

बेडके,

आपला तलाव तीन सेंटिमीटर आखूड आहे. मोजणीदार बाईंनी आज सकाळी सात वाजता लेझर लावून आठही लेन मोजल्या, नाश्ता करून पुन्हा मोजल्या आणि माझ्या टेबलावर कागद ठेवत म्हणाल्या, "दोन्ही टोकांचे टचपॅड धरून एकोणपन्नास मीटर सत्त्याण्णव. मशीन नवीन आहे, मी जुनी आहे, पण दोघींचं एकमत झालंय."

नऊ वर्षांनी आत्याचं पत्र आलं आणि त्यात तलावाची लांबी, म्हणून तू हसशील. किंवा हसणार नाहीस. पण ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं.

मोजणी व्हायचं कारण साधं होतं. हात लागला की वेळ नोंदवणारे ते टचपॅड नवे बसवायचे आहेत आणि ते बसवणाऱ्यांना लांबीचं ताजं प्रमाणपत्र हवं होतं. एरवी कोण मोजतंय? तलाव काही लहान पोर नाही दरवर्षी भिंतीला उभं करून खूण करायला.

खोट उथळ बाजूच्या भिंतीत आहे. सोळा वर्षांपूर्वी तिथल्या फरशा सुटल्या होत्या. गवंड्याने जुन्या फरशा खरवडून न काढता त्यांच्यावरच गिलावा केला आणि नव्या लावल्या. तीन सेंटिमीटर तिथेच गेले. असली माणसं पाट्या टाकतात आणि निस्तरायला आपण.

त्यानंतर तीन आठवड्यांनी याच तलावात तू शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा राष्ट्रीय विक्रम केलास. एक मिनिट दहा सेकंद अठ्ठावीस शतांश. तुझं वय एकोणीस.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे एक सतरा वर्षांची मुलगी आहे. काटकुळे पाय आणि आवाज असा की पंपाच्या खोलीतही ऐकू येतो, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणतात. तिने गेल्या महिन्यात परगावच्या राष्ट्रीय स्पर्धेत १:१०.३० वेळ दिली. महासंघाचा या वर्षीचा नियम असा की राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली किंवा तो मोडला, तरच आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवायचं. टिटवी दोन शतांशांनी राहिली. यादी चोवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता बंद होते.

मोजणीचा कागद अजून माझ्या खणात आहे. आजचा तलाव आखूड आहे एवढंच तो सांगतो. तो कधीपासून आखूड आहे, हे कोणीतरी सांगावं लागेल.

गुडघा कसा आहे? दादा म्हणत होता, तू तिकडे म्हाताऱ्या माणसांना पाण्यात चालायला शिकवतेस. त्यांचे गुडघे बरे होतात आणि शिकवणारीचा नाही, असं असू नये.

आत्या

९ मार्च

बेडके,

तू मला उत्तर दिलं नाहीस, बाबाला दिलंस. दादाने फोन कानाला न लावता डोळ्यांपुढे धरून तुझा निरोप मला वाचून दाखवला, "आत्याला विचार, त्या वर्षी लांबीच्या कागदावर सही कोणाची होती." मग म्हणाला, "सही तुझीच असणार ना गं? मॅनेजर तूच होतीस." तुझा बाबा साधा माणूस आहे. त्याला उत्तरामागचा प्रश्न दिसत नाही.

सही माझी होती.

दुरुस्तीनंतर तलाव पुन्हा मोजायचा असतो. मी मोजून घेतला नाही. मोजणीदाराला पत्र पाठवायचं, त्याची वेळ ठरवायची, तो येणार, आणि स्पर्धा तोंडावर. मी कपाटातला जुना कागद काढला आणि त्यावरचा आकडा नव्या अर्जावर उतरवला. पन्नास मीटर दोन सेंटिमीटर. दोन टोकांचे टचपॅड एकेक सेंटिमीटर जाडीचे, म्हणजे बरोबर पन्नास. काँक्रीटचा तलाव, तो कुठे जातोय, असं वाटलं.

गवंड्याबद्दलही मागच्या पत्रात लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. तो बिचारा म्हणाला होता, "बाई, जुनं खरवडायला आठ दिवस जातील. वरून लावलं तर भिंत पुढे येईल." मी म्हटलं, "येऊ दे. पोहणाऱ्यांना काय, हात लवकर पोचेल." आम्ही दोघंही हसलो होतो.

तू हिशोबात पक्की, तुझ्या डोक्यात तो एव्हाना झालाही असेल. तरी लिहिते. शंभर मीटर म्हणजे तलावाच्या दोन फेऱ्या, म्हणून तूट सहा सेंटिमीटरची. तुझ्या वेगाने सहा सेंटिमीटरला चार शतांश लागतात. म्हणजे त्या दिवशी तलाव पुरा असता तर तुझी वेळ १:१०.३२ च्या आसपास आली असती.

आणि सव्विसाव्या वर्षी, त्या मोठ्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत, तू नववी आलीस तेव्हाची वेळ होती १:१०.३१.

मी हे कागदावर चार वेळा मांडलं. तुझी सर्वांत चांगली शर्यत एकोणिसाव्या वर्षीची नाही. ती सव्विसाव्या वर्षीची आहे. तू उतरणीला लागली नव्हतीस गं, चढत होतीस. आकडा मात्र उलटं सांगत होता.

सत्काराला मी आले नाही, तलावाच्या दारावर तुझ्या विक्रमाचा फलक लावला तेव्हा रजेवर गेले, हे तू मनात धरलंस. "आत्याला माझं कौतुक झालंच नाही, ती स्वतः पोहण्यात जिल्ह्यापुढे गेली नाही म्हणून जळते," असं तू दादाला म्हणालीस तेही माझ्या कानावर आलं. मी ते तसंच राहू दिलं. जळकी म्हणून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

आत्या

१३ मार्च

बेडके,

परवा तू फोन केलास. आवाज जाड झालाय तुझा. तू एकच प्रश्न विचारलास, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "आत्ता, मोजणी झाली तेव्हा." तू म्हणालीस, "बरं," आणि ठेवून दिलास.

मी खोटं बोलले. लहानपणी तू पाण्याखाली जास्त वेळ राहिलीस की मी काठावरून आकडे मोजायचे आणि तू वर येऊन विचारायचीस, किती झाले? तुला बरं वाटावं म्हणून मी चार-पाच वाढवून सांगायचे. तेव्हापासूनची खोड. पण या वेळी ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

मला स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी कळलं.

लेनचे दोर लावायचं काम तेव्हा तात्यांकडे होतं. तीस वर्षं तेच दोर, तीच टोकं, तेच आकडे. ते ओल्या पायांनी ऑफिसात आले.

"बाई, दोर सैल पडतायत."

"उन्हाने ताणले असतील."

"आठच्या आठ? आणि सगळे सारखेच?"

"मग आवळा."

"आवळतो. पण बोटभर जास्त आवळावे लागतायत. भिंत पुढे आलीय, बाई. टेप आणू का?"

मी खिडकीतून बघत होते. तू सरावाला उतरली होतीस. सूर मारून वर यायचीस आणि पहिल्याच झटक्याला तुझे खांदे पाण्याबाहेर असे उठायचे की बाजूच्या लेनमधल्या मुली थांबून बघायच्या. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वेळ द्यायची ती शेवटची संधी होती. टेप आणला असता तर स्पर्धा रद्द. तू घरी.

मी म्हटलं, "तात्या, दोर आवळा आणि चहा घ्या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोर आवळले. चहा मात्र घेतला नाही. पुढे दहा वर्षं ते माझ्या हाताखाली होते, पण माझ्या ऑफिसात त्यांनी कधी चहा घेतला नाही. ते गेले त्याला आता पाच वर्षं झाली, गवंडी त्याही आधी गेला. म्हणजे हे माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरले आहे. मी बोलले नसते तर कोणीही सिद्ध करू शकलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता, तोही तुला माहीत असावा.

इथपर्यंत एकवेळ आत्याची माया म्हणता आली असती. पुढचं म्हणता येत नाही.

नववी आलीस त्या दिवशी तू तिकडून फोन केला होतास. आठ जणी अंतिम फेरीत, तू पहिली राखीव. कोणी आजारी पडलं तर म्हणून पोहण्याचा पोशाख घालून, वरून टॉवेल घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "आत्या, पुन्हा तीन शतांश. सात वर्षं झाली. मी वेगळं काय करू? कुठे चुकतंय माझं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "काही जणींचा एकच दिवस असतो गं. तुझा होऊन गेला."

मग तू नव्या प्रशिक्षकाकडे गेलीस, पाय आणखी बाहेर फेकायला शिकलीस, दोन वर्षांत गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. अठ्ठाविसाव्या वर्षी संपलं. जे तीन शतांश तू शोधत होतीस ते तुझ्या पायात नव्हतेच. ते माझ्या भिंतीत होते. आणि मला ते माहीत होतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आत्या

१७ मार्च

बेडके,

तुझ्याकडून काही आलं नाही. मी वाट पाहिली, पण वाट बघत बसणं हाही मागचाच प्रकार झाला असता. काल सकाळी महासंघाला निवेदन पाठवलं. दुरुस्तीची तारीख, उतरवलेला आकडा, तात्या आणि दोर, सगळं. शेवटी लिहिलं की पोहणारीला यातलं काहीही माहीत नव्हतं. ते वाक्य दोनदा लिहिलं गेलं होतं, एक खोडलं.

आणि टिटवीला सांगितलं. यादीत नाव आलं तर का आलं आणि नाही आलं तर का नाही, हे तिला आधी कळायला हवं. ती सराव करून बाकावर केळं खात बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने केळं संपवलं, साल घडी करून ठेवलं.

"म्हणजे मी गेले की नाही गेले?"

"ते महासंघ ठरवेल."

"आणि तुम्ही सोळा वर्षं गप्प बसलात, मॅडम?"

"हो."

"मला सोळा मिनिटं जमत नाही."

मला हसू आलं, पण तिला आलं नव्हतं, म्हणून आवरलं.

"थांबा. मग मी इथे रोज जे टाइम देते ते सगळे खोटे?"

"चार शतांशांनी."

"म्हणून! म्हणून सर मला म्हणतात, घरात वाघ, बाहेर शेळी. सगळ्यांसमोर म्हणतात." ती उभी राहिली, पुन्हा बसली. "म्हणजे शेळीचा टाइम खरा होता."

"अगदी खरा."

"सरांना हे तुम्ही सांगणार. माझ्यासमोर."

कबूल केलं. मग तिने विचारलं, "त्या ताई रडल्या का?"

"फोनवर कळलं नाही."

"मला त्यांची ती शर्यत बघायचीय. विक्रमाची नको. नववी आलेली."

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ती होती. बेडके, मी ती नऊ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. टिटवीने सहा वेळा पाहिली. तिसऱ्यांदा पन्नास मीटरवर थांबवली आणि बोट लावून म्हणाली, "हे बघा, वळताना दोन्ही हात एकदम लागलेत, आणि लागायच्या आत गुडघे पोटाशी. भिंतीवर थांबल्याच नाहीत. एवढ्या जणींत कोणी असं वळलेलं नाही. या नवव्या कशा आल्या?"

"बाकीच्या आठ जणी जास्त जोरात होत्या म्हणून."

"हां, मग ठीक," ती म्हणाली. "मला वाटलं यांचं काही चुकलं."

हे तुला कळवायचंच होतं.

आज तलाव बंद केला. दारावर पाटी लावली आहे, दुरुस्तीसाठी बंद. उद्यापासून भिंत फोडतील. मुलं पिशव्या घेऊन येतात, पाटी वाचतात आणि माझ्याकडे असं बघतात जणू मी पाणी पिऊन टाकलंय.

आत्या

२१ मार्च

बेडके,

काल महासंघाच्या सचिवांचा फोन आला. तुझं निवेदन त्यांना मिळालं आहे. "वाचून दाखवू का? नियमात बसत नाही, पण वाचतो," म्हणाले. मला वाटलं होतं लांबलचक असेल. तीनच ओळी होत्या.

"१:१०.२८ ही वेळ माझी नाही, ती काढून टाका. १:१०.३१ माझी आहे, ती आजवरच्या सर्वोत्तम वेळांच्या यादीत लिहा. मुलीची १:१०.३० तिच्याहून सरस आहे, म्हणून माझं नाव दुसरं यायला हवं."

सचिव म्हणाले, "विक्रम काढा म्हणून अर्ज करणारी माणसं आमच्याकडे येत नाहीत. यांना दुसऱ्या नंबराची एवढी घाई का?" त्यांना समजावण्यासारखं ते नाही आणि तुला समजावायची गरज नाही.

तुझ्या पत्रात माझ्याबद्दल एक शब्द नाही. बरोबरच आहे.

दादाकडून कळलं की तू येते आहेस. तांत्रिक समितीला तुझं म्हणणं समोरासमोर ऐकायचं आहे, आणि तू फोनवर नको म्हणालीस. तू रविवारी दुपारी उतरणार. दादा विमानतळावर येईल, दोन तास आधी येईल आणि उशीर झाला असं म्हणेल. तू त्याच्याकडे राहणार, माझ्याकडे नाही, हेही त्याने सांगितलं. सांगताना चष्मा पुसत होता. त्याला म्हटलं, तुझ्या पुढच्या खोलीतली गादी मऊ आहे, तिला चालणार नाही, गुडघ्याखाली उशी लागते, दोन ठेव. त्याने विचारलं, "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "असं दुखणं असणाऱ्या सगळ्यांनाच लागते."

सोमवारचं काय होईल ते मला जेवढं सांगितलं गेलं तेवढं लिहिते, म्हणजे तुला तिथे काही नवीन वाटायला नको. समितीत तीन जण आहेत. मोजणीदार बाई आधी येतील. त्यांनी फोडलेल्या भिंतीतला तुकडा आणायचं ठरवलंय. वरची फरशी, गिलावा, खालची जुनी फरशी, सगळं एकाला एक चिकटलेलं. परवा त्यांनी तो माझ्यासमोर पट्टीवर धरला आणि जुन्या फरशीच्या वरचं तेवढं मोजलं. तीन सेंटिमीटर, वर एक केसभर. मग तुला बोलावतील. तुला विचारण्यासारखं फार नाही. मग मला. सचिव म्हणाले, "बाई, तुम्हाला एकच प्रश्न आहे, आदल्या दिवशी माहीत होतं हे तुम्ही तोंडाने सांगायला तयार आहात का?" मी हो म्हटलं आहे. त्यानंतर तलावाची जबाबदारी माझ्याकडे राहणार नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ते घरी बसून काढावं लागेल असं दिसतंय. दारावरचा फलक समितीचा निर्णय झाला की उतरवतील. स्क्रू गंजलेत, प्लंबरला आधीच सांगून ठेवलंय, भिंत खराब नको व्हायला.

यादी त्याच दिवशी पाचला लागते. सचिव निकाल आधी बोलत नाहीत, पण त्यांनी टिटवीच्या पासपोर्टची प्रत मागवून घेतली आहे. टिटवीला मी हे सांगितलेलं नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तलावात सराव करते आहे, पुऱ्या पन्नास मीटरच्या. रोज संध्याकाळी फोन करून वेळ सांगते. पहिल्या दिवशी घाबरली होती. काल म्हणाली, "मॅडम, इथे भिंत लांब आहे, पण सवय होतेय."

ती सोमवारी येणार नाही, तिची परीक्षा आहे. पण तिने निरोप दिलाय की त्या ताईंना विचारा, वळताना श्वास कधी घ्यायचा. मी म्हटलं, "तूच विचार, त्या आठवडाभर इथे आहेत." तर म्हणाली, "त्या माझ्याशी बोलतील?" ते तुझं तू ठरव.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, मी चौकशी केली, पण ती कधीकधी मध्येच थांबते, तेव्हा जिन्याने जायचं झालं तर कठडा उजव्या हाताला येतो. खोलीबाहेर एकच बाक आहे, दोन माणसांचा. तुला अकराची वेळ दिली आहे, मला साडेअकराची.

मी पावणेअकराला पोचेन.

आत्या